गुडघ्यांत धरलेलं लिंबू

"पाय उचला! गजूभाऊ, पाय उचला म्हनते न मी!"

ओरडत होत्या सुमनबाई. शाळेमागच्या मैदानात, सिमेंटच्या बाकावर बसून, कुबडी भाल्यासारखी हवेत धरून. त्यांचं ओरडणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. अर्थही कळत होता. फक्त माझ्या उजव्या पायाला कळत नव्हता. तो पाय त्याच्या जन्मभराच्या सवयीनं गाडी थांबता थांबता खाली गेला, जमिनीवर टेकला आणि आपण मोठं शहाणपणाचं काम केलं अशा थाटात तिथेच उभा राहिला. मागून चाक आलं. माझ्याच गाडीचं चाक, माझ्याच पायावर.

मी जी आरोळी ठोकली, ती ऐकून पुलगाव स्टेशनवर सिग्नलसाठी अडलेली मालगाडी सुटली, असं लोक सांगतात. सुरुवातीला हे मी एकटाच सांगत होतो. आता लोकही सांगतात.

संपादकांनी मला निरोप धाडला होता की तुम्ही इतकी वर्षं मोटारसायकली विकल्या, तर हजार गाड्यांचा अनुभव आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा. मी म्हटलं, हजार गाड्यांचं काय लिहायचं? गाडी विकली, गिऱ्हाईक गेलं, संपलं. एका गाडीचं लिहितो. ती मी विकली खरी, पण मला चालवता आली नाही.

नाचणगावातून पुलगावकडे निघालात की डाव्या हाताला माझं दुकान लागतं. पाटीवर 'शोरूम' लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पुढे शटर आणि मागे टिनाचं शेड. मोठा डीलर वर्ध्याला बसतो. तो आम्हाला गाड्या देतो आणि आम्ही त्या गावात विकतो. म्हणजे मी डीलरच्या खालचा डीलर. पण पंचक्रोशीत कोणाला विचारा, "मोटारसायकलची कंपनी कुठं हाय?" बोट माझ्या दुकानाकडेच होईल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडी विकणं म्हणजे इंजिन, अ‍ॅव्हरेज, हप्ता. छे! आमच्याकडे गाडी घ्यायला एकटा माणूस कधीच येत नाही. वऱ्हाड येतं. पैसे देणारा एका कोपऱ्यात गुपचूप उभा असतो. पोरं हॉर्न वाजवून पाहतात. आणि घरातली सगळ्यात वडील बाई पुढे होऊन सीट अंगठ्यानं दाबून बघते, बाजारात वांगं दाबतात तशी. तिनं मान हलवली तर गाडी गेली, नाही तर तुम्ही इंजिन सोन्याचं बसवा, गाडी तिथेच. एकानं तुरीचं भरलेलं पोतं सोबत आणून शोरूममधल्या नव्या कोऱ्या गाडीवर बांधून पाहिलं होतं, बसतं की नाही ते. दुसऱ्यानं दसऱ्याला गाडी घेतली आणि हातानं ढकलत घरी नेली. मागून अख्खं कुटुंब वरातीसारखं चालत होतं. मी म्हटलं, "अहो, चालू तं करा!" तो म्हणाला, "मुहूर्त आज हाय, भाऊ. शिकनं उद्या."

असा हा धंदा. यात मी एक गोष्ट मात्र शिकलो: गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. जिभेला हाड कोणाच्याच नसतं, माझ्या जिभेला ब्रेकसुद्धा नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी सुमनबाई दुकानात आल्या. रिक्षातून उतरल्या, कुबडी टेकत पायरी चढल्या आणि खुर्चीत बसल्या. बाईंची नाचणगावला भाजीपाल्याची वाडी आहे. वांगी, मेथी, भेदरं, म्हणजे तुमचे टोमॅटो, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेलेला. आईवडील गेल्यावर धाकटा भाऊ विनोद याला त्यांनीच मोठं केलं. हा विनोद माझं जुनं गिऱ्हाईक. रोज सकाळी तो बाईंना मागे बसवायचा, दोन्ही बाजूंना भाजीची पोती लटकवायचा आणि पुलगावच्या गुजरीत, म्हणजे आमच्या रोजच्या भाजीबाजारात, नेऊन सोडायचा. त्याला मी एकामागून एक गाड्या विकल्या. प्रत्येक वेळी सीट दाबून बघायला सुमनबाई यायच्या. मी त्यांना चहा पाजायचो आणि बोलायचो विनोदशी. मागच्या सीटवर बसणारं माणूसही गिऱ्हाईक असतं, हे माझ्या टिनाच्या शेडमध्ये कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेडमध्ये डोकं एकच होतं म्हणा.

"गाडी पायजे," बाई म्हणाल्या.

"घ्या न! विनोदची जुनी बदल्यात देता का?"

"विनोदले नाई. मले."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. मग त्यांनी सांगितलं. विनोदला वर्ध्यात नोकरी लागली होती. पिपरी मेघेला त्यानं घर बघितलं होतं, दुसऱ्या मजल्यावर. संक्रांत झाली की बायकापोरांसह तिकडे जाणार. वाडी ठेक्यानं द्यायची आणि ताईनंही सोबत चालायचं, असं त्याचं म्हणणं. बोलावणं मनापासून होतं, त्यात खोट नव्हती.

"मंग जा न. भावाच्या घरी आरामात बसान," मी म्हटलं.

"तेच तं. बसनंच होईन," बाई म्हणाल्या. "तिथं मी दुसऱ्या माळ्यावर बसून रस्ता पाहीन. इथं माही वाडी हाय. गुजरीत माही जागा हाय, आईच्या वक्ताची. फक्त न्याले कोनी नाई. तीन चाकाची गाडी असते म्हनते."

"तीन चाकांची?"

"मंग? दोन चाकांवर मी कशी राहीन, भाऊ? मी तं दोन पायांवर नाई राहात."

मी छाती ठोकून म्हणालो, "आहे न! माझ्याकडे नाही असं जगात काही आहे का?"

तीनचाकी गाडी मी तोपर्यंत फक्त ऑटोच्या रूपात पाहिली होती.

बाई गेल्याबरोबर मी मोबाइल उघडला आणि शोधाशोध सुरू केली. एक ग्रुप सापडला. तीनचाकी चालवणाऱ्यांचा, शेकडो माणसांचा. कोणी पायानं अधू, कोणी हौशी, कोणी म्हातारपणी तोल जातो म्हणून तिसरं चाक जोडून घेतलेलं. कोल्हापूरकडचे एक गृहस्थ मोटारसायकलला डबा जोडून त्यात कुत्रा बसवतात. बायको बसत नाही म्हणून. नांदेडकडचे एक मास्तर आपल्या गाडीचा वाढदिवस करतात. म्हटलं, ही तर आपलीच माणसं! आत शिरताना प्रश्न होता: तुम्ही कोणती तीनचाकी चालवता? मी लिहिलं, "सर्व." मग ओळख करून द्या म्हणाले. मी अशी ओळख दिली की ती वाचून मलाच माझ्याविषयी आदर वाटला. विदर्भातला जुना जाणता गाडीवाला, चाकांची संख्या काहीही असो, हँडल हातात आलं की गाडी माझं ऐकते, वगैरे.

पन्नास अंगठे येतील म्हणून वाट पाहिली. आशाताई नावाच्या बाईंचं दोन शब्दांचं उत्तर आलं.

"आठ टाका."

चौकशी केली तेव्हा कळलं की हा त्या ग्रुपचा रिवाज. नव्या माणसानं मोकळ्या मैदानात आपल्या तीनचाकीवर आठचा आकडा काढायचा, त्याचं चित्रण करायचं आणि ग्रुपवर टाकायचं. तोपर्यंत तो पाहुणा. पाहुण्यानं बोलावं, पण सल्ला देऊ नये. मी लिहिलं, माझ्या मोबाइलचा कॅमेरा दुरुस्तीला आहे. आशाताईंनी लिहिलं, "तुम्ही आत्ताच दुकानाचे सात फोटो टाकले."

ग्रुप चालवणाऱ्या या आशाताई म्हणजे पुण्या-मुंबईच्या कोणीतरी असणार, असं मी गृहीत धरलं होतं. लांबच्या माणसासमोर थोडी हवा भरली तर काय बिघडतं?

पण ग्रुप कामाचा निघाला. कोणती स्कूटर घ्यावी, मागच्या एका चाकाऐवजी दोन चाकांचा जोड कुठे मजबूत बसवून मिळतो, सगळं तिथेच कळलं. बिनगिअरची स्कूटर माझ्या दुकानातली, मागचा जोड नागपूरकडच्या एका जाणत्या कारागिराचा. मग आरटीओची मंजुरी आणि बाईंचं शिकाऊ लायसन. त्या फेऱ्यांचं वर्णन करायला बसलो तर अंकात कवितांना जागा राहणार नाही.

गाडी आली त्या दिवशी मी पूजा मांडली. आमच्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून पुढे नेतात. दुचाकीला दोन लिंबं. मी ऐटीत तीन ठेवली. सुमनबाई वाकल्या, तिन्ही लिंबं उचलली, पदरानं पुसली आणि परत ताटात ठेवली.

"लिंबू चिरडाचं नसते, भाऊ. विकाचं असते."

मग आम्ही मैदानात गेलो. मी हातवारे करून धडा दिला. "हे पाहा बाई, वळताना अंग टाकायचं. डावीकडे वळायचं तर डावीकडे कला, गाडी आपोआप जाते. आणि थांबली की लगेच पाय टेकवायचा. एवढं आलं की गाडी आली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"माहा एकच पाय कामाचा हाय," त्या म्हणाल्या. "पयले तुमी टेकवून दाखवा."

आता थोडं शास्त्र सांगतो, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. दुचाकी आपण वळवत नाही. आपण तिला पाडत असतो आणि ती पडता पडता वळते. त्यात आपलं अर्धं काम अंगच करतं. तीनचाकी हे प्रकरण वेगळं. ती टेबलासारखी उभी असते. टेबलावर बसून तुम्ही डावीकडे कितीही वाका, टेबल डावीकडे जात नाही. तिला हँडलनंच वळवावं लागतं, तेही वळणाच्या आधी सावकाश होऊन. आणि ती थांबली तरी पडत नाही, त्यामुळे पाय खाली टाकायचं काही कारणच नाही. टाकला तर मागून चाक येतंच आहे. हे सगळं मला आता माहीत आहे. त्या दिवशी मी ऐटीत किल्ली फिरवली, वेग घेतला आणि मैदानाच्या टोकाला डावीकडे असा काही कललो की माझा कान जमिनीला लागला असता.

गाडी सरळ गेली. समोर कोणाच्या तरी गुरांसाठी कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग रचून ठेवलेला होता. त्यात मी शिरलो तो पार पलीकडून निघालो. मिशीत कुटार, डोळ्यांत कुटार. तशातही बाईंसमोर अब्रू राहावी म्हणून गाडी झोकात वळवून बाकासमोर आणली आणि थांबता थांबता पाय टेकवला.

पुढचं तुम्ही वर वाचलंच आहे.

डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर आहे. कच्चं प्लास्टर घातलं. घरी आमच्या मंडळींनी, म्हणजे मंदानं, दारातच विचारलं, "तुमी गाड्या विकून राह्यले का पाय विकून राह्यले?"

माझ्या पायाचं मला तेवढं दुःख नव्हतं. दुःख हे की तो पाय आता विनोदच्या बाजूनं साक्ष देऊ लागला. संध्याकाळी विनोद मला बघायला आला तो ताईला सोबत घेऊनच. प्लास्टरकडे बोट करून म्हणाला, "पाह्य ताई. ह्या मानसाची अख्खी जिंदगी गाडीवर गेली. त्याचं हे झालं. तुही काय गत होईन?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गजूभाऊ, मी काय तिचा दुश्मन हाव का? मी तिकडं वर्ध्यात ड्यूटीवर आन् ताई इथं रस्त्यावर. पडली का उठली, मले कोन सांगन? माह्या घशाखाली घास तरी उतरन का?"

त्याचे डोळे भरून आले होते. बाई जाताना दारात थांबल्या.

"गाडी वापस घ्याले लागन का, भाऊ?"

हे एवढंच म्हणाल्या. रागानं नाही. भाजी शिल्लक राहिली तर काय करायचं, असं विचारावं तसं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन मी ग्रुपवर लिहिलं. आयुष्यात एवढं थोडकं मी कधी लिहिलं नव्हतं. "मी तीनचाकी कधी चालवलेली नाही. काल पहिल्यांदा बसलो आणि पाय चाकाखाली गेला. पण एका बाईंना शिकायची आहे. संक्रांतीच्या आत. नाही आली तर त्यांची वाडी जाते."

आशाताईंचं उत्तर आलं, "पत्ता पाठवा."

नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा, असं पाठवलं. उत्तर आलं, "मी तळेगावची. उद्या येते."

तळेगाव! श्यामजी पंत! आमच्याच जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातलं! म्हणजे मी इतके दिवस ज्या फुग्यात हवा भरत होतो, तो शेजारच्या अंगणात उडत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर एक तीनचाकी येऊन उभी राहिली. आर्वीवरून एकटीनं चालवत आलेली बाई. दोन्ही पायांना लोखंडी कॅलिपर, डोळ्यांवर काळा चष्मा, मागच्या डब्यात पाण्याची कॅन आणि जेवणाचा डबा. तळेगावला त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. उतरल्या, माझ्या प्लास्टरकडे पाहिलं.

"उजवा?"

"हो."

"दुचाकीवाल्यायचा उजवाच जाते," त्या म्हणाल्या. "बाई कुठं हाय?"

मैदानात त्यांनी सुमनबाईंना एकच गोष्ट विचारली, "बैलगाडी हाकलली का कधी?"

"लहानपनी हाकलत होती. बाबासोबत."

"मंग झालं. वळनाच्या पयले हळू करतं का मंधात?"

"पयले. मंधात केलं तं जू उलटते."

"बस. तशीच चालव. हे बैलगाडीच हाय, फक्त चारा पेट्रोलचा. आन् माल भरला असन तं मांगं पाहाचं नाई. नजर मांगं गेली का हँडल तिकडं जाते."

सुमनबाई बसल्या, कुबडी बाजूच्या कडीत अडकवली आणि गाडी सुरू केली. अशी चालवली, जणू त्या गाडीवरच जन्मल्या होत्या. थोडी भर घालतो आहे. पहिल्या दिवशी दोनदा कुटाराच्या ढिगापर्यंत गेल्या, पण शिरल्या नाहीत. मोडावी लागेल अशी जुनी सवयच त्यांना नव्हती. दुचाकीची सवय सगळी माझ्याच अंगात भरलेली.

आशाताई माझ्याकडे वळल्या. "आता तुमी."

"मी? माझा पाय..."

"मी तळेगाववरून रोज येईन का? शिकवनाऱ्याले पयले आलं पायजे. पूजेचं लिंबू हाय न तुमच्याकडं?"

लिंबू आणलं. ते त्यांनी माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायला लावलं. "हे पडू द्याचं नाई. पाय खाली टाकाले गेले का गुडघे उघडन, लिंबू पडन. जवापर्यंत पडते तवापर्यंत तुमी दुचाकीवाले."

लोक म्हणतात, काही माणसांची अक्कल गुडघ्यात असते. माझी तिथेही नव्हती, तिथे लिंबू होतं. आणि ते पडायचं. थांबलो की टप्पकन. पुन्हा उचला, पुन्हा धरा, पुन्हा टप्प. मैदानाशेजारचे लोक घरातून खुर्च्या आणून बसू लागले. डॉक्टरांना कृपा करून हे सांगू नका. तेही हा अंक घेतात. मी पाडलेल्या लिंबांचं मंदानं इतकं सरबत केलं की भर थंडीत अख्ख्या आळीला सर्दी झाली. सुमनबाई माझ्याभोवती गाडीनं गोल फिरत ओरडायच्या, "गजूभाऊ, पडलं! गजूभाऊ, पुन्हा पडलं!" इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. हसू तेच असेल. पूर्वी ते मागच्या सीटवर बसून, विनोदच्या पाठीकडे बघत हसावं लागत असेल.

आठवड्याच्या आत बाईंनी आठ काढला. भाजीच्या पोत्यांत माती भरून, ती गाडीवर लादून काढला. मी चित्रण करून ग्रुपवर टाकलं. काय ते कौतुक! कोल्हापूरकडच्यांनी कुत्र्यासह अभिनंदन केलं. नांदेडच्या मास्तरांनी चार ओळी रचल्या. आशाताईंनी सुमनबाईंना सभासद करून घेतलं. त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं, त्यापुढे अजून लिहिलेलं होतं: पाहुणा.

पण विनोद काही बधला नाही. "मैदानातला आठ वायला, ताई. फाट्यावरचा ट्रॅक्टर वायला."

शेवटी बहीणभावांत ठरलं ते असं. सामान हलवायच्या दिवशी सकाळी ताईनं भाजी भरून गाडी गुजरीपर्यंत न्यायची. विनोद मागून येणार. वाटेत त्याला एकदा जरी हात द्यावा लागला, तर ताईनं दुपारच्या टेम्पोत गुमान बसायचं. तिची पेटी तोपर्यंत टेम्पोत चढवून ठेवायची.

"चालते," सुमनबाई म्हणाल्या.

त्या सकाळी मी विनोदच्या मोटारसायकलवर मागे बसलो. पाय बरा झाला होता, पण मंदानं गाडीची किल्ली लपवली होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसलो. सांगतो तुम्हाला, मागच्या सीटवरून जगात फक्त एक पाठ दिसते.

विनोदच्या घरासमोर टेम्पो उभा, त्यात गाद्या, कपाट, सगळ्यात आत ताईची हिरवी पेटी. भाच्यांनी आत्याचा पदर धरलेला. त्यांना बाजूला करून बाई गाडीवर बसल्या. मागच्या डब्यात मेथीच्या जुड्या, वांगी, वर ओल्या फडक्याखाली सांबार. निघाल्या. इतक्या सावकाश निघाल्या की एक शेळी आम्हाला ओलांडून पुढे गेली आणि वळून पाहू लागली.

विनोद मागून ओरडत होता. "ताई, खड्डा! ताई, ब्रेक! ताई, बाजूनं घे!" ताई ना वळली, ना उत्तर दिलं. त्याच्या हँडलवरचे हात मला दिसत होते. ते तिच्याच गाडीचं हँडल धरल्यासारखे वळत होते.

फाट्याच्या वळणाला कापसाचा ट्रॅक्टर समोरून आला. एवढा भरलेला की ट्रॉली दिसत नव्हती, नुसता पांढरा डोंगर चालत येत होता. मी गुडघे घट्ट दाबले. लिंबू नव्हतं तरी दाबले. बाईंनी वळणाच्या बऱ्याच आधी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, दोन्ही पाय जिथल्या तिथे. डोंगर निघून गेला. मग त्यांनी हँडल वळवलं आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या.

"ताई, ब्रेक!" विनोद अजून ओरडतच होता. डोळे बहीण गेली तिकडे, आणि वळणावर सांडलेली होती रेती. त्यानं सवयीनं अंग टाकलं. गाडी खालून निघून गेली. आम्ही दोघं घसरत गेलो. मी म्हणतो शंभर फूट. विनोद म्हणतो चार. माझी पँट फाटली, त्याची कोपरं सोलली. गाडीचा आरसा मात्र शाबूत. माल कोणाच्या दुकानातला होता!

लोकांनी उचललं, पाणी पाजलं, गाडी सरळ करून दिली. लंगडत लंगडत गुजरीत पोचलो तोवर चांगलीच गर्दी झाली होती. तीनचाकी कडुलिंबाखाली उभी होती. सुमनबाई आईच्या जागेवर बसल्या होत्या. भोवती बाया वाकलेल्या. मेथी निम्मी संपलेली. एक गोष्ट मला खटकली: त्यांच्यासमोर रोजचा तराजू मांडलेला नव्हता. वांगीसुद्धा वाटे घालून विकत होत्या. एक बाई कुरकुरत होती, "मोजून काऊन नाई देत व?" सुमनबाई म्हणाल्या, "आज वाट्यानंच ने."

विनोद कोपर धरून समोर उभा राहिला. "ताई, एकडाव तं मांगं पाहाचं होतं! आमी पडलो न तिथं!"

सुमनबाईंनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पडले? मले वाटलं, पाय टेकवला असन."

सगळ्या बाया हसल्या. मी तर रडेपर्यंत हसलो. विनोद आधी हसला नाही. मग तोही हसला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. बाईंनी ओल्या फडक्याचा कोपरा फाडून त्याच्या कोपराला बांधला. घट्ट गाठ मारली. तो लहान मुलासारखा हात पुढे करून उभा. मग तो खाली बघत म्हणाला,

"मंग टेम्पो निंगते आता. काय सांगू ड्रायव्हरले?"

सुमनबाई गिऱ्हाइकाला सांबाराची जुडी देत होत्या.

"माही पेटी उतरव म्हना. वजनं तिच्यात हायेत."